हिव पडलं ते वर्ष

लीमन ट्रॉटरला लार्कमाँटच्या बागेत एकेचाळीस वर्षं झाली होती आणि त्याच्या बायकोनं ती बाग एकदाही पाहिली नव्हती. नॅचेझसारख्या गावात हे ऐकून कोणालाही खोटं वाटेल. मिसिसिपीच्या काठावरचं हे लहानसं गाव. जुन्या कापूसवाल्यांच्या खांबाखांबांच्या हवेल्या अजून उभ्या आहेत, आणि दर मार्चमध्ये लोकांना बघायला खुल्या होतात. तीन आठवडे बसगाड्यांची नुसती रीघ लागते. गावातला प्रत्येक माणूस या ना त्या निमित्तानं त्या फाटकांतून आत जाऊन आलेला असतो. व्हर्नीस ट्रॉटर मोठेपणी कधी गेली नव्हती, आणि ते ठरवून.

त्याचं कारण जुनं होतं. व्हर्नीसची आई आयडेला फ्रेझर लार्कमाँटला एकोणीस वर्षं स्वयंपाकाला होती. स्वयंपाकघर तेव्हा हवेलीच्या मागं वेगळं, विटांचं. तिथून झाकलेल्या थाळ्या घेऊन अंगणातून पळत जायचं, पाऊस असो की ऊन. मग एका वर्षी मालकीणबाईंनी हवेलीतच विजेच्या शेगडीचं नवं स्वयंपाकघर करून घेतलं, त्याबरोबर नवी स्वयंपाकीणही आणली. शनिवारी संध्याकाळी आयडेलाच्या हातात मिठात मुरवलेली डुकराची एक अख्खी मांडी देऊन म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ नकोस." आईला न्यायला मागच्या वाटेनं आलेल्या बारा वर्षांच्या व्हर्नीसनं ते धूड आईबरोबर आळीपाळीनं उचलून घरी आणलं. आयडेलानं त्यातला तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. शेजारणीला देऊन टाकलं आणि त्या रात्री पोरांना मक्याची भाकरी आणि ताक खायला घातलं.

पुढं व्हर्नीसचं लग्न झालं, आणि लग्नाला वर्ष होतं न होतं तोच लाकडाच्या वखारीतलं काम सुटलेला लीमन त्याच लार्कमाँटला माळी म्हणून लागला. त्यांचं पहिलं मोठं भांडण ते. चार दिवस अबोला होता. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "तू कर काम. पोटाला लागतं, मला कळतं. पण मी त्या फाटकाच्या आत पाय ठेवणार नाही, आणि तूही मला कधी ये म्हणू नकोस."

त्यानं कधी म्हटलंही नाही. ती पोस्टात खिडकीवर बसायची, तो बागेत राबायचा. तीन मुलं झाली, मोठी झाली, ह्यूस्टनला आणि मेम्फिसला निघून गेली. संध्याकाळी तो आला की ती त्याच्या बुटांना लागलेली माती बघायची आणि म्हणायची, "मागच्या दारानं ये." एवढाच काय तो लार्कमाँटचा त्या घरातला विषय.

यंदा मात्र तिनंच विषय काढला. ईस्टरनंतर लीमन काम सोडणार होता. वय सहासष्ट. दोन्ही गुडघे निकामी व्हायला आलेले, उजवा खांदा तर डोक्याच्या वर जातच नव्हता. फेब्रुवारीत एकदा जेवताना ती म्हणाली, "या खेपेला मी येणार आहे बघायला."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? इतकी वर्षं माझा नवरा ज्यांच्या मागं होता, त्या तुझ्या अझेलिया कशा दिसतात ते बघून घेते एकदा."

लीमननं मान खाली घालून जेवण संपवलं. पण त्या दिवसापासून तो सकाळी अर्धा तास आधी निघायला लागला.

लार्कमाँटची मिजास म्हणजे तिथली अझेलियाची झुडपं. फाटकापासून हवेलीपर्यंत दुतर्फा, आणि हवेलीमागं जमीन एकदम घसरत ओढ्याकडं उतरते तिथं सगळ्या उतारावर. काही तर माणसाच्या डोक्याहून उंच. मार्चच्या मध्यावर ती फुलली की पान दिसत नाही. गुलाबी, पांढरं, जांभळट, नुसता रंगच रंग. लीमननं मागच्या मे महिन्यात छाटणी मनासारखी केली होती. हिवाळा सौम्य गेला. मंगळवारी कळ्या उमलल्या तेव्हा एकेचाळीस वर्षांत असा बहर पाहिला नव्हता असं तो स्वतःशीच म्हणाला. शनिवार-रविवारी मोठी गर्दी व्हायची होती. व्हर्नीस रविवारी चर्च सुटल्यावर येणार होती.

बुधवारी दुपारी हवामानाची बातमी आली: रात्री कडक हिव पडणार.

झाकायला मिळेल ते गोळा केलं. हवेलीतल्या चादरी, तंबूचं कापड, पोती. लीमननं घरी फोन केला तर व्हर्नीसनं काही न विचारता कपाटातल्या सगळ्या चादरी शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवून दिल्या. त्यात तिची लग्नातली सुद्धा होती. टॉलिव्हर, म्हणजे लीमनच्या हाताखालचा माळी, पंचावन्नचा, तोंडाची टकळी कधी बंद न होणारा, शिडीवर चढून चादरी पसरता पसरता म्हणाला, "लीमन, एवढ्या चादरी मी माझ्या पोरांना सुद्धा नाही पांघरल्या."

फाटकाजवळची रांग कशीबशी झाकून झाली. मागचा उतार तसाच राहिला. तेवढं कापड गावात नव्हतं.

गुरुवारी सकाळी लीमन आला तेव्हा गवत पायाखाली करकरत होतं. उन्हं वर येईपर्यंत फुलं तशीच्या तशी दिसत होती, जरा काचेसारखी, एवढंच. नवाच्या सुमारास त्यांच्यावरचं हिव वितळलं आणि मग बघता बघता ती तपकिरी पडत गेली. ज्यांच्यावर चादरी होत्या तीही वाचली नाहीत. चादर जिथं जिथं फुलाला टेकली होती तिथून गारठा आत शिरला होता. दुपारपर्यंत सगळ्या बागेला शिजवून ठेवलेल्या कोबीसारखा वास यायला लागला. लीमननं एक चादर काढली, नीट घडी घातली, खाली ठेवली. मग दुसरी. जेवणाच्या वेळेपर्यंत तो चादरींच्या घड्याच घालत होता.

मिस कॅरोलाइन हवेलीच्या मागच्या पायऱ्या उतरून आली. जुन्या मालकीणबाईंची ही नात. आजी गेल्यावर अटलांटाहून येऊन सगळा कारभार तिनं हातात घेतला होता. आजी लीमनला नुसतं "लीमन, इकडं ये," म्हणायची. ही "मिस्टर लीमन" म्हणायची, "तुम्ही" म्हणायची. काम तेवढंच होतं.

"मिस्टर लीमन, परत फुटतील का?"

"यंदा नाही, मॅडम. झाडाला काही झालेलं नाही. पुढच्या वर्षी येतील."

"शनिवारी चौदा बसगाड्या येताहेत. लोक महिनोन् महिने आधी नाव नोंदवून येतात. त्यांना काय सांगू?"

"हिव पडलं म्हणून सांगा. लोकांना हिव कळतं."

ती थोडा वेळ बागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी लुईझियानातल्या एका रोपवाटिकेला फोन केलाय. उद्या सकाळी ट्रक येईल. कुंडीतली फुललेली झाडं. मोठ्या झुडपांच्या पुढं जमिनीत पुरून टाका, कुंडी दिसणार नाही अशी."

लीमन म्हणाला, "ती काचघरातली असतात, मॅडम. उघड्यावर आठवडाही निघायचा नाही."

"मला दोनच दिवस हवेत," ती म्हणाली. चिडून नाही, तिच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. तीही सकाळपासून फोनवरच होती.

शुक्रवारी लीमन आणि टॉलिव्हरनं कुंड्या पुरल्या. गुडघे टेकायचे, खड्डा करायचा, कुंडी बसवायची, माती सारखी करायची, वर पालापाचोळा पसरायचा, उठायचं. उठायलाच सगळ्यात जास्त वेळ लागायचा. दुपारनंतर लीमन उठेनासाच झाला. एका खड्ड्यापासून पुढच्या खड्ड्याकडं गुडघ्यांवरच सरकत गेला. वर करपलेली मोठी झुडपं आणि त्यांच्या पायाशी ही चकचकीत गुलाबी रोपं.

"आजारी माणसाला नवी टोपी घातल्यासारखं दिसतंय," टॉलिव्हर म्हणाला.

"चल, हात चालव," लीमन म्हणाला.

घरी गेल्यावर व्हर्नीसनं कढत पाण्याची परात त्याच्या पायांशी ठेवली. तो म्हणाला, "रविवारी येऊ नकोस. बघायला काही उरलेलं नाही."

"मी तिकीट काढलंय."

"मला फुकट मिळतं की घरच्यांसाठी."

"म्हणूनच माझं मी काढलं. पाहुणी म्हणून जाणार आहे, माळ्याची बायको म्हणून नाही." ती परातीतलं पाणी हातानं हलवून बघत म्हणाली, "निवालं तर सांग."

शनिवारी बसगाड्या आल्या. लोक उतरले, करपलेली झुडपं बघून थबकले, आणि मग खाली वाकून कुंडीतल्या रोपांचे फोटो काढायला लागले. लीमनला फाटकाच्या वाटेवर उभं राहायला सांगितलं होतं, कोणी काही विचारलं तर उत्तरं द्यायला. दिवसभर त्यानं तेच ते ऐकलं. आम्ही ओहायोहून आलो. आम्ही सोळा तास गाडी चालवत आलो. चित्रात वेगळं होतं. एक बाई म्हणाली, तुम्ही झाकायला हवं होतं. तो म्हणाला, "हो, मॅडम." एका गृहस्थानं रोपाकडं बोट दाखवून विचारलं, "ही जुन्या काळापासूनची का?"

"नाही, सर. शुक्रवारपासूनची."

गृहस्थाला वाटलं चेष्टा केली. हसला आणि पुढं गेला.

संध्याकाळी पाय इतके सुजले होते की बूट काढायला टॉलिव्हरची मदत लागली. बूट ओढता ओढता टॉलिव्हर म्हणाला, "उद्या व्हर्नीस खरंच येणार?"

"येणार म्हणते."

"एकेचाळीस वर्षं थांबली, आणि नेमकी याच वर्षी," टॉलिव्हर म्हणाला.

रविवारी दीडच्या सुमारास व्हर्नीस मोठ्या फाटकातून आत आली. अंगावर चर्चचा निळा पोशाख, डोक्यावर रुंद काठाची टोपी, पायात त्रास देणारे बूट. तिकीट फाडणारी मुलगी हवेलीच्या जुन्या थाटाचा घेरदार झगा घालून बसली होती. व्हर्नीसनं तिला तिकीट दिलं, फाडलेला अर्धा भाग परत मागून घेतला आणि पर्समध्ये नीट ठेवला. मग वाटेवर उभ्या असलेल्या नवऱ्याजवळ आली आणि परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "बाग दाखवाल का?"

"दाखवतो, मॅडम," लीमन म्हणाला. टॉलिव्हर लांबून बघत होता.

दोघं सावकाश चालत निघाली. लीमननं सांगायचा प्रयत्न केला: इथं पांढरी असतात, त्या कोपऱ्यात गडद जांभळी, ही दोन सगळ्यांच्या आधी फुलतात. सांगता सांगता त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. तिनं करपलेलं एक फूल दोन बोटांत धरलं, ते चिकटलं. तिनं रुमालाला बोटं पुसली.

"मंगळवारी बघायला हवी होतीस," तो म्हणाला.

"मंगळवारी मी दाताच्या डॉक्टरकडं होते."

हवेलीजवळ आल्यावर त्यानं विचारलं, "आत जायचंय?"

"बसू देतात खुर्च्यांवर?"

"नाही. दोऱ्या बांधलेल्या असतात."

"मग राहू दे. माझे पाय दुखताहेत." ती हवेलीला वळसा घालून मागं गेली आणि अंगणात उभी राहिली. "आईचं स्वयंपाकघर कुठं गेलं?"

लीमननं समोरच्या विटांच्या बैठ्या इमारतीकडं मान हलवली. तिच्या दाराबाहेर बायकांची रांग लागली होती. दारावर पाटी होती, बाईचं चित्र असलेली. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिथं पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह केलं होतं. हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगावं की नाही हा प्रश्न इतकी वर्षं पुढं ढकलत आला होता आणि आता तो समोरच उभा होता.

व्हर्नीस बराच वेळ बघत राहिली. मग पर्स त्याच्या हातात देऊन रांगेत उभी राहिली. पाच-सहा बायकांनंतर तिचा नंबर आला. ती आत गेली, वेळ लावला, आणि हात पुसत बाहेर आली.

"नळाला गरम पाणी आहे," ती म्हणाली. "आईला नव्हतं. चुलीची जागा तेवढी ओळखू आली. तिथं आता हात वाळवायचं यंत्र आहे."

"मी सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं." तिनं पर्स घेतली. "पण सांगितलं असतंस तर मी आले नसते."

तेवढ्यात मिस कॅरोलाइन कोणाला तरी शोधत अंगणातून जात होती. लीमनला बघून थांबली, व्हर्नीसकडं बघून हसली. लीमन म्हणाला, "मॅडम, ही माझी बायको."

"शेवटी भेट झाली. इतक्या वर्षांत तुम्ही कधी आलाच नाहीत."

"माझी आई होती इथं," व्हर्नीस म्हणाली. "स्वयंपाकाला. एकोणीस वर्षं. आयडेला फ्रेझर."

मिस कॅरोलाइननं आठवून बघितलं. नाव तिच्या ओळखीचं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसलं. "किती छान," ती म्हणाली.

"छान नव्हतं," व्हर्नीस म्हणाली. आवाज चढवला नाही, पोस्टाच्या खिडकीवर बोलायची तशाच आवाजात म्हणाली. "तुम्ही तेव्हा जन्मल्याही नव्हतात. पण छान नव्हतं."

मिस कॅरोलाइन लाल झाली. मग म्हणाली, "त्यांच्याबद्दल मला सांगाल कधी? मला काहीच ठाऊक नाही."

"बघू," व्हर्नीस म्हणाली.

मिस कॅरोलाइन जाता जाता लीमनकडं वळली. "मिस्टर लीमन, आज विचारायची वेळ नाही, कळतंय मला. पण अजून एक वर्ष थांबाल का? हे सगळं सावरेपर्यंत. पुढचा बहर तुमच्याच हातचा व्हावा असं वाटतं."

लीमनला "हो, मॅडम" म्हणायची इतकी सवय होती की ते जिभेवर आलंच होतं. त्यानं बायकोकडं बघितलं नाही. "उद्या सांगतो," म्हणाला.

ती गेल्यावर दोघं मागच्या उताराकडं आली. तिथं कुंड्या पुरल्या नव्हत्या; पाहुणे तिकडं फारसे फिरकत नव्हते. सगळा उतार तपकिरी होता, आणि फुलं गळून झुडपं उघडी पडल्यामुळं त्यांच्या मधून खाली ओढ्यापर्यंत गेलेल्या विटांच्या पायऱ्या लांबपर्यंत दिसत होत्या. दर सात-आठ पायऱ्यांनी एक वळण, वळणावर विटांचाच बुटका कट्टा, माती अडवायला.

"या पायऱ्या जुन्या का?" व्हर्नीसनं विचारलं.

"नाही. मी केल्यात."

"तू?"

"दर पावसाळ्यात माती खाली जायची. झाडं मुळासकट जायची. मग हिवाळ्यात काम कमी असायचं तेव्हा थोडंथोडं बांधत गेलो. सहा वर्षं लागली. पडक्या धुराड्याच्या विटा होत्या, त्या वापरल्या."

"हे मला कधी बोलला नाहीस."

"पायऱ्यांचं काय सांगायचं? फुलं असली की त्या दिसतसुद्धा नाहीत."

व्हर्नीसनं बूट काढून हातात घेतले. लांब मोज्यांतल्या पायांनी एकेक पायरी उतरायला लागली. एक हात त्याच्या डाव्या खांद्यावर, जो बरा होता. प्रत्येक पायरी एकाच उंचीची होती, पाऊल आपोआप पडत होतं. दुसऱ्या वळणावरच्या कट्ट्यावर ती बसली. तोही बसला. खाली ओढ्याला थोडं पाणी होतं. वरून पाहुण्यांची बोलणी पुसट येत होती. तिनं पर्समधून मेणकागदात गुंडाळलेलं सँडविच काढलं, तिखट मिरची घातलेल्या चीजचं. निम्मं त्याला दिलं. दोघांनी खाल्लं.

"एक वीट सुद्धा डुगडुगत नाही," ती कट्ट्यावर हात फिरवत म्हणाली.

लीमनच्या हातातला घास तसाच राहिला. तो म्हणाला, "मी फार दमलोय, व्हर्नीस."

"ठाऊक आहे मला."

"नाही, म्हणजे फारच. नुसता आजचा नाही."

"तुझे मोजे कोण धुतं?" ती म्हणाली. "मला ठाऊक नसायला काय झालं. मग मिस कॅरोलाइनला सांग ना तसं."

"माझ्यामागं छाटणी कोण करणार? टॉलिव्हर दिसेल ते कापतो. झाडं वाचलीत, पण मे संपायच्या आत हात फिरला नाही तर पुढच्या वर्षीही काही यायचं नाही."

व्हर्नीस मेणकागदाची घडी घालत विचार करत होती. "मग छाटणीपुरता थांब. टॉलिव्हरला शिकव, त्याला शिव्या घालाव्या लागल्या तरी घाल. आणि मेअखेर घरी ये."

"त्यांना वर्षभर पाहिजे."

"त्यांना खूप काही पाहिजे असतं," व्हर्नीस म्हणाली.

वर चढताना ती तीनदा थांबली आणि तो चारदा. फाटक बंद व्हायची वेळ झाली होती. तो तिला गाडीपर्यंत सोडायला गेला आणि मग परत येऊन त्यानं टॉलिव्हरबरोबर वाटेवरचा कचरा गोळा केला.

सोमवारी सकाळी त्यानं मिस कॅरोलाइनला सांगितलं, मेअखेरपर्यंत, पुढं नाही. तिनं आणखी एकदा विचारलं. त्यानं आणखी एकदा तेच सांगितलं. नंतर कुंड्या उपटायचं काम होतं. निम्मी रोपं माना टाकून बसली होती. ती पुढचे दोन दिवस उपटली.

एप्रिल आणि मे छाटणीत गेले. टॉलिव्हर शिकला, फार नाही, पुरेसं. लीमन शिडीवर चढत नव्हता. खाली स्टुलावर बसून काठीनं फांदी दाखवायचा आणि टॉलिव्हर कापायचा. चुकीची कापली की लीमन डोळे मिटून घ्यायचा, आणि टॉलिव्हर म्हणायचा, "परत येते ना पण? तूच म्हणतोस परत येते."

मेच्या शेवटच्या शुक्रवारी मिस कॅरोलाइननं मागच्या ओसरीवर केक कापला. तिनं व्हर्नीसलाही बोलावलं होतं. ती आली नाही, पण आईचा एक जुना फोटो तिनं लीमनबरोबर पाठवला होता, पांढरा अंगरखा घातलेली आयडेला, विटांच्या दारात उभी. परत पाठवा, एवढंच मागं लिहिलं होतं. मिस कॅरोलाइननं त्याची प्रत काढून घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात फोटो टपालानं परत केला.

पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी टॉलिव्हरचा फोन आला. व्हर्नीसनं उचलला. बहर आलाय, तो म्हणाला, मागच्या उतारावर तर पाय ठेवायला जागा नाही, लीमनला घेऊन ये. व्हर्नीसनं पडदा बाजूला करून आत बघितलं. आठ वाजून गेले होते. लीमन पालथा झोपला होता, दुखरा हात गादीच्या कडेवरून खाली लोंबत.

"उठला की सांगते," ती म्हणाली, आणि फोन हळूच ठेवला.